झिंकच्या गोळीने स्त्रीबीज सुधारतं का?

प्रश्न : माझं वय 34, एएमएच (बीजं किती उरली याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) 1.1. पुढच्या महिन्यात आयव्हीएफ सुरू करायचं आहे. शुक्राणू बीजात शिरतो त्या क्षणी झिंकची ठिणगी उडते, असा एक व्हिडिओ जाऊबाईंनी पाठवला. सोबत रोज 50 मिलिग्रॅम झिंक घ्यायचा सल्लाही दिला. आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. मी आणि मिस्टरांनी झिंक सुरू करावं का? आधी रक्तातलं झिंक तपासून घ्यावं का?

उत्तर : मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. बीजं बाहेर आल्यापासून गर्भ परत गर्भाशयात सोडेपर्यंतचं लॅबमधलं काम माझं. त्यामुळे औषधाचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावा, पण बीजात झिंक नेमकं काय करतं यावर मी बोलू शकते. थोडक्यात सांगायचं तर व्हिडिओतली गोष्ट खरी आहे, पण तिच्यावरून गोळीपर्यंत मारलेली उडी खरी नाही. शरीरात झिंक कमी पडत असेल तर ते भरून काढायलाच हवं. पुरेसं असेल, तर वरून घेतलेल्या झिंकने बीजाचा दर्जा वाढतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही.

आधी तो व्हिडिओ. मूळ काम अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातलं, टेरेसा वुडरफ आणि थॉमस ओहॅलोरन यांच्या गटाचं. एक प्रजननशास्त्रातल्या, दुसरे धातूंच्या रसायनशास्त्रातले. 2011 मध्ये त्यांनी उंदीर आणि माकडांच्या बीजांमधून फलनाच्या वेळी झिंक बाहेर फेकलं जातं हे दाखवलं आणि त्याला ‘झिंक स्पार्क’ म्हटलं. 2016 मध्ये मानवी बीजातही तेच दिसलं आणि तेव्हापासून ही चित्रफीत जगभर फिरते आहे. मात्र त्या मानवी बीजांमध्ये शुक्राणू गेलाच नव्हता. अमेरिकेत सरकारी पैशावर संशोधनासाठी मानवी गर्भ तयार करता येत नाही, म्हणून त्यांनी बीजाला रासायनिक पद्धतीने जागं केलं. आयोनोमायसिन नावाचं रसायन वापरलं, तसंच शुक्राणूतलं जे प्रथिन हे काम एरवी करतं त्याचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा निरोप, बीजात टोचला. दुसरं म्हणजे दिसणारा उजेड बीजाचा नाहीच. बीजाभोवतीच्या द्रवात झिंकला चिकटल्यावर चमकणारा एक रंग घातलेला असतो, उजेड त्याचा. तुमच्या-माझ्या शरीरात फलन होतं तेव्हा गर्भनलिकेत काहीही लकाकत नाही. ‘जीव जन्माला येताना प्रकाश पडतो’ वगैरे जे त्या व्हिडिओखाली लिहिलेलं असतं, ते त्या शास्त्रज्ञांनी म्हटलेलं नाही.

आमच्या लॅबमध्येही ठिणगी दिसत नाही. ट्रिगरचं, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन दिल्यावर साधारण 35-36 तासांनी पिकअप होतो, म्हणजे बीजं बाहेर काढली जातात. फॉलिकलमधला (बीज वाढतं त्या पिशवीतला) लालसर द्रव नळ्यांमधून येतो, तो कोमट डिशमध्ये ओतायचा आणि मायक्रोस्कोपखाली शोधायचं. बीज सुटं येत नाही. त्याच्याभोवती पेशींचा चिकट, पारदर्शक ढग असतो. इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजात सोडणं, करायचं असेल तर हायल्युरोनिडेझ या विकरात काही सेकंद बुडवून, मग बारीक पिपेटने आत-बाहेर करत तो ढग सोडवावा लागतो. त्यानंतर कुठे उघडं बीज दिसतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जरासं मोठं, भोवती जाडसर पारदर्शक कवच, आणि कवच व बीज यांच्या फटीत एक छोटासा गोळा. तो गोळा म्हणजे पहिली पोलर बॉडी. ती दिसली की बीज ‘एम टू’, म्हणजे पक्व. ती नसेल आणि आत मोठं केंद्रक दिसत असेल तर ‘जी व्ही’, म्हणजे कच्चं. केंद्रकही नाही आणि पोलर बॉडीही नाही, तर अधलंमधलं ‘एम वन’. डॉक्टर तुम्हाला पिकअपनंतर ‘दहापैकी आठ मॅच्युअर’ असं सांगतात ते यावरून. झिंकची सगळी कथा घडते ती याच ‘जी व्ही’ ते ‘एम टू’ प्रवासात आणि त्यानंतरच्या काही तासांत.

तुमची बीजं तुम्ही आईच्या पोटात असतानाच तयार झालेली आहेत. तेव्हापासून ती विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबलेली असतात, काही तीस वर्षं, काही चाळीस. ट्रिगरचं इंजेक्शन (किंवा नैसर्गिक पाळीत एलएच हॉर्मोनची उसळी) मिळालं की ते विभाजन पुन्हा सुरू होतं, अर्धी गुणसूत्रं पोलर बॉडीत टाकली जातात आणि बीज दुसऱ्यांदा थांबतं. यावेळी ते शुक्राणूची वाट पाहत थांबतं. वुडरफ-ओहॅलोरन गटाने 2010 मध्ये उंदराच्या बीजातले धातू मोजले. त्यासाठी शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेतला अतितीव्र क्ष-किरणांचा झोत वापरला, कारण एकेका पेशीतला धातू साध्या पद्धतीने मोजता येत नाही. बीजात लोह आणि तांब्यापेक्षा झिंक कितीतरी जास्त निघालं. आणि बारा-चौदा तासांच्या पक्वतेच्या काळात बीजाने आणखी सुमारे 20 अब्ज अणू आत ओढून घेतले होते, म्हणजे आधीच्या साठ्यात जवळजवळ निम्म्याने भर. पक्व बीजात मिळून साधारण 60 अब्ज.

एवढं झिंक कशाला? हे शोधायला त्यांनी बीजातलं झिंक बांधून टाकणारं टीपीईएन नावाचं रसायन वापरलं. झिंक मिळेनासं झालेलं बीज विभाजनाच्या शेवटच्या पायरीवर अडकून पडलं. विभाजन असमान व्हायला हवं, म्हणजे जवळजवळ सगळा ऐवज बीजाकडे आणि गुणसूत्रांपुरती जागा पोलर बॉडीत. इथे पोलर बॉडी भलतीच मोठी झाली. बीजाचा पुढच्या गर्भासाठी जपलेला साठाच वाटला गेला.

पक्व झाल्यावर झिंकचं काम बदलतं. आता ते बीजाला थांबवून ठेवतं. ईएमआय-टू नावाचं एक प्रथिन पेशीविभाजनाची यंत्रणा रोखून धरतं आणि त्या प्रथिनाला पकड घट्ट ठेवायला झिंक लागतं. उंदराच्या पक्व बीजातलं झिंक नुसतं काढून घेतलं, तरी शुक्राणूशिवाय बीज जागं होऊन विभाजन पुढे सुरू करतं. म्हणजे फलनाच्या वेळी बीजाला झिंक टाकून द्यावंच लागतं. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की ज्या धातूसाठी बीज काही तासांपूर्वी इतकं हपापलेलं होतं, तोच आता बाहेर लोटायचा असतो.

तो कसा लोटला जातो तेही पुढे, 2015 च्या सुमारास, मोजलं गेलं. उंदराच्या बीजात पृष्ठभागालगत सुमारे 8000 बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येकीत झिंकचे जवळजवळ दहा लाख अणू. शुक्राणू आत आला की बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात, आणि लाटेमागोमाग या पिशव्या फुटून झिंक बाहेर पडतं. एकूण सुमारे 10 अब्ज अणू. बाहेर पडलेलं झिंक वाया जात नाही. ते बीजाच्या कवचात मुरतं, कवचाची रचना बदलते आणि दुसऱ्या शुक्राणूला आत शिरणं अवघड होतं. एकाच बीजात दोन शुक्राणू शिरले तर गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच होतात आणि तो गर्भ टिकत नाही, म्हणून हा बंदोबस्त. गायीच्या बीजात, इतकंच काय बेडकाच्या बीजातही ठिणगी दिसली आहे. उंदरांमध्ये ठिणगी जितकी जोरदार तितका पुढचा गर्भ चांगला, असंही 2016 मध्ये दाखवलं गेलं. त्यावरून गर्भ निवडण्याची कल्पना निघाली. माझ्यासारखीला ती मोहक वाटणारच, पण रुग्णाच्या बीजाभोवती चमकणारे रंग घालणं ही लहान गोष्ट नाही. आम्ही अजून दुसऱ्या दिवशी सकाळी, इक्सीनंतर सोळा-अठरा तासांनी, दोन केंद्रकं शेजारी शेजारी दिसतात का, म्हणजे फलन झालं का, तेच बघतो.

आता गोळीकडे येऊ. इथे मी थोडा हिशेब करते, कारण जाऊबाईंच्या सल्ल्यामागे ‘बीजाला खूप झिंक लागतं, म्हणून खूप झिंक खा’ असा विचार दिसतो. 60 अब्ज अणू ऐकायला प्रचंड वाटतात. वजन काढलं तर एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा आणि त्यातले साडेसहा घ्या, इतकंच होतं. 50 मिलिग्रॅम झिंकमध्ये जितके अणू असतात तितक्यांत उंदराची सात अब्जांहून जास्त बीजं भरतील. माणसाचं बीज उंदराच्या बीजापेक्षा मोठं असतं, पण त्याने या हिशेबात काही फरक पडत नाही. बीजाला झिंक कमी मिळतं ते शरीरात ढीगभर नाही म्हणून नव्हे. ते आत घेणारी वाहक प्रथिनं बीजाच्या पृष्ठभागावर असतात (उंदरात झिप-6 आणि झिप-10) आणि किती घ्यायचं ते बीज आपल्या वेळापत्रकाने ठरवतं. सोसायटीच्या टाकीत आणखी दोन टँकर ओतल्याने तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाची धार मोठी होत नाही, तसंच हे आहे.

टाकी कोरडी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पेन स्टेट विद्यापीठातल्या फ्रान्सिस्को डियाझ यांच्या गटाने उंदरांच्या माद्यांना बीज सुटण्याआधी फक्त तीन ते पाच दिवस झिंकविरहित अन्न दिलं. तेवढ्यानेही बीजांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा बिघडल्या आणि पुढे गर्भाची वाढ खुंटली. हा प्रयोग गोळ्या विकणाऱ्यांच्या फार आवडीचा आहे. त्यांच्या जाहिरातीत न येणारा तपशील असा, की त्या अन्नात किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी झिंक होतं, आणि तुलनेच्या उंदरांना 29 मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत मुद्दाम बनवल्याशिवाय असं अन्न मिळत नाही. तुम्ही दोन वेळा वरण-भात खात असाल तरी त्या माद्यांच्या रांगेत बसत नाही.

माणसात झिंकची खरी कमतरता कशी दिसते, हे पहिल्यांदा ज्यांनी ओळखलं ते डॉक्टर मूळचे आपल्याकडचेच. आनंद प्रसाद, जन्म बिहारमधल्या बक्सरचा. 1958 मध्ये ते इराणमधल्या शिराझला काम करत असताना त्यांच्यासमोर 21 वर्षांचा एक तरुण आला. दिसायला दहा वर्षांचा मुलगा, वयात आल्याची एकही खूण नाही, शिवाय तीव्र ॲनिमिया. त्याचं खाणं म्हणजे जवळजवळ फक्त बिनखमिराची गव्हाची रोटी, आणि वर रोज माती. तसे आणखी रुग्ण सापडत गेले. कोंड्यासकट गव्हातलं फायटेट नावाचं द्रव्य झिंकला आतड्यातच बांधून ठेवतं आणि मातीने त्यात भर पडते. पुढे इजिप्तमध्ये अशाच तरुणांना झिंक दिल्यावर त्यांची उंची वाढली आणि ते वयात आले. आपली पोळीही बिनखमिराचीच, आणि भाजलेली माती खाणाऱ्या बायका आपल्याकडेही आहेत. ती सवय असेल तर लाजू नका, डॉक्टरांना जरूर सांगा. फरक एवढाच, की आपल्या ताटात पोळीबरोबर डाळ, उसळ आणि दही असतं.

म्हणून शाकाहारी आहात हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. मटण, खेकडे आणि कोकणात मिळणारी कालवं यांतलं झिंक सहज अंगी लागतं. धान्य-कडधान्यांतलं फायटेटमुळे कमी लागतं. भारतातल्या बाईला रोज 13.2 मिलिग्रॅम झिंक लागतं असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीत आहे, गरोदरपणात 14.5. अमेरिकेत हाच आकडा 8 आणि 11 आहे. आपले आकडे मोठे आहेत त्यामागे हे फायटेटच आहे. त्यावर आपल्या स्वयंपाकघरात जुना इलाज आहे. भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं या तिन्हींनी फायटेट घटतं. नुसत्या शिजवलेल्या मटकीपेक्षा मोड आलेल्या मटकीतलं झिंक जास्त हाती लागतं, आणि इडली-आंबोळीचं पीठ रात्रभर फुगतं तेव्हाही हेच होत असतं. सोबत दूध, दही, पनीर असेल तर त्यातल्या प्रथिनांचीही मदत होते. तीळ आणि भोपळ्याच्या बियांत झिंक भरपूर, 100 ग्रॅममध्ये सात-आठ मिलिग्रॅम, पण कोणी शंभर ग्रॅम तीळ खात नाही. चमचाभर तिळातून एक मिलिग्रॅमही पुरतं मिळत नाही. ‘सीड सायकलिंग’च्या, म्हणजे पाळीच्या दिवसांनुसार ठरावीक बिया खाण्याच्या, डब्या घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बिया चांगल्याच आहेत, फक्त त्या औषधाच्या भावात कशाला घ्यायच्या?

खरी शंका घ्यावी अशा बायका वेगळ्या असतात. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्या, क्रोन्ससारखा आतड्याचा आजार किंवा महिनोन्महिने चालणारे जुलाब असलेल्या, वजन कमी करायला खाणंच सोडलेल्या. त्यांच्यात झिंक देण्यावर कोणी वाद घालणार नाही. केस गळणं, चव जाणं, जखमा उशिरा भरणं ही लक्षणं झिंकच्या कमतरतेची असू शकतात, पण थायरॉइडपासून लोहाच्या कमतरतेपर्यंत इतरही दहा कारणांची असतात.

रक्ततपासणीबद्दल माझं स्पष्ट मत : तुमच्या बाबतीत ती करू नका. शरीरातल्या एकूण झिंकचा अगदी नगण्य भाग, हजारातला एखादा, रक्तद्रवात असतो आणि तो तासातासाला बदलतो. जेवल्यावर उतरतो, दिवसाच्या वेळेनुसार हलतो, साधा ताप-सर्दी असली तरी खाली जातो. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर उलट खोटा वाढलेला येतो. आयव्हीएफच्या आधी पाळी जुळवून घ्यायला पुष्कळदा गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात, त्यांनीही हा आकडा घटतो. मग रिपोर्टवर लाल अक्षरात ‘लो’ येतं, झोप उडते आणि त्याचा बीजाशी काही संबंध नसतो. मोठ्या लोकसमूहात कमतरता किती पसरली आहे हे बघायला ही तपासणी उपयोगी आहे, एका व्यक्तीचा निकाल लावायला नाही.

एएमएच 1.1 चं उत्तरही झिंकमध्ये नाही. एएमएच बीजांची संख्या किती उरली त्याचा अंदाज देतं, आणि ती संख्या कोणत्याही गोळीने वाढत नाही. वाढत्या वयात बीजाचा दर्जा घसरतो तो मुख्यतः गुणसूत्रं चुकीची वाटली गेल्याने. गुणसूत्रांना धरून ठेवणारी प्रथिनं इतक्या वर्षांत झिजलेली असतात. तिथे झिंक काही शिवून देत नाही. उलट 34 हे वय त्या हिशेबात अजून तुमच्या बाजूने आहे, आणि संख्या कमी असली तरी हाती येणारं एकेक बीज चांगलं असण्याची शक्यता मोठी आहे. महिनाभर ‘आधी झिंकचा कोर्स पूर्ण करू’ म्हणून उपचार पुढे ढकलू नका.

मिस्टरांसाठी उत्तर सोपं आहे, कारण त्यांच्या बाबतीत मोठी चाचणी झालेली आहे. वीर्यात झिंक खूप असतं हे खरं, म्हणूनच पुरुषांच्या जवळजवळ प्रत्येक फर्टिलिटी गोळीत ते घातलेलं असतं. अमेरिकेत वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या 2370 जोडप्यांतल्या पुरुषांना सहा महिने रोज 30 मिलिग्रॅम झिंक आणि 5 मिलिग्रॅम फोलिक ॲसिड, किंवा तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या दिल्या. निकाल 2020 मध्ये आला. झिंकच्या गटात बाळ झालेल्यांचं प्रमाण 34 टक्के, दुसऱ्या गटात 35. शुक्राणूंची संख्या आणि हालचालही सुधारली नाही. झिंकच्या गटात पोटदुखी, मळमळ आणि उलट्या मात्र जास्त. बायकांच्या बीजासाठी इतकी मोठी, इतकी नेटकी चाचणी झालेली नाही.

आता 50 मिलिग्रॅमबद्दल. डबीवरचा आकडा क्षाराचा (झिंक सल्फेटसारख्या संयुगाचा) आहे की एलिमेंटल, म्हणजे निव्वळ झिंकचा, ते आधी वाचा. 220 मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये निव्वळ झिंक सुमारे 50 मिलिग्रॅम असतं, ग्लुकोनेटमध्ये आणखी कमी. निव्वळ 50 असेल तर ते अमेरिकेत प्रौढांसाठी ठरवलेल्या 40 मिलिग्रॅमच्या वरच्या मर्यादेपलीकडे जातं. काही दिवसांनी बिघडणार नाही, पण महिनोन्महिने घेतलं तर झिंक आतड्यात तांब्याला अडवतं. तांबं कमी पडलं की लोह देऊनही न सुधारणारा ॲनिमिया होतो, पांढऱ्या पेशी घटतात, कधी हातापायांना मुंग्या येऊ लागतात. गर्भधारणेच्या उंबरठ्यावर हे कोणालाच नको.

तुमच्या डॉक्टरांनी गर्भधारणेपूर्वीची मल्टिव्हिटॅमिन दिली असेल तर तिच्या मागच्या बाजूला बघा, बहुधा तिच्यात झिंक आधीच असेल. शाकाहारी बाईसाठी त्या पातळीचं, 10-15 मिलिग्रॅमपर्यंतचं झिंक मला वावगं वाटत नाही. त्यावर आणखी वेगळी डबी नको. फोलिक ॲसिड मात्र चुकवू नका, त्याचा पुरावा झिंकपेक्षा कितीतरी पक्का आहे. अंडंही चालत नसेल तर बी-12 तपासून घ्या. झिंकवर खर्च होणार असलेले पैसे तिथे घाला. लोहाची गोळी चालू असेल आणि डॉक्टरांनी तरीही झिंक वेगळं दिलं, तर दोन्ही रिकाम्या पोटी एकत्र घेऊ नका, कारण ती एकमेकांना अडवतात. मध्ये दोन तास जाऊ द्या. झिंकने मळमळत असेल तर ते जेवणानंतर घ्या. आणि मधेच घशासाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक लिहून दिलं, तर झिंक चालू असल्याचं तेव्हा सांगा, नाहीतर त्या औषधाचा काही असर झिंकच खाऊन टाकेल.